गोव्यात पायी फिरायला गाइड घ्यावा का?

नोव्हेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याहून, मिरजेहून, बेळगावहून. हॉटेल ठरलेलं असतं, गाडी ठरलेली असते, कुठला मासा कुठे खायचा तेही कुणीतरी सांगितलेलं असतं. मग शेवटी प्रश्न येतो, "अगं, ते चालत फिरवणारे गाइड असतात ना, फक्त आपल्यापुरते, तो घ्यावा का? की नुसतेच पैसे जातील?" माझं माहेर डिचोलीचं, सासर पणजीचं, राहते पणजीच्याच मळा भागात. त्यामुळे मला हे माहीत असणारच, असं सगळे धरून चालतात.

सांगून सांगून माझं उत्तर आता पक्कं झालंय, म्हणून इथे लिहून ठेवते. जे पाहायला तुम्ही येताय ते तिथे धड उभं असेल, तर गाइड घेऊ नका. ते ढासळलं असेल, पाडलं गेलं असेल, उचलून दुसरीकडे नेलं असेल, तर जरूर घ्या. आणि मग दोन पैसे जास्त गेले तरी चांगला माणूस शोधा.

जुन्या गोव्यात, म्हणजे पोर्तुगिजांच्या जुन्या राजधानीत, बहुतेक मंडळी तासभर काढतात. बॉम जीझस चर्चमध्ये सेंट झेवियरची चांदीची पेटी खालून मान वर करून बघायची, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल, हिरवळीवर घरच्यांचा फोटो, शहाळं, की परत गाडीत. गेल्या हिवाळ्यात आमचे काका आले, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मिरजेला हायस्कूलवर आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. पहिल्या दिवशी आम्ही आमचे आम्हीच गेलो. दोन्ही चर्च बघून झाल्यावर काका बाकावर बसले, चहूकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढाली चर्चं बांधली. पण त्यात येणारी माणसं राहत कुठे होती? घर एकही दिसत नाही."

जुन्या गोव्यात विचारावा असा खरा प्रश्न हाच आहे. आणि त्याचं उत्तर तिथल्या कुठल्याही फलकावर एका जागी मिळत नाही. फलक असतो तो उभ्या इमारतीसमोर. नसलेल्या शहराला फलक कुठे लावणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी गाइड ठरवला. काका, काकू, माझी लेक आणि मी, एवढेच. तो फोंड्याकडचा तरुण होता, पर्यटन खात्याकडे नोंदणी असल्याचं ओळखपत्र गळ्यात, मराठी स्वच्छ पण वळण कोंकणीचं. त्याने सुरुवात चर्चपासून केलीच नाही. आम्हाला थेट खाली मांडवीच्या काठाशी, व्हाइसरॉयच्या कमानीपाशी नेलं आणि नदीकडे पाठ करून उभं केलं. नवा व्हाइसरॉय गलबतातून उतरला की याच कमानीखालून शहरात शिरायचा. तिथून वर जाणारा रस्ता म्हणजे रुआ दिरेता, त्या काळच्या गोव्याची मुख्य पेठ. मग त्याने पिशवीतून एक मोठं छापील चित्र काढलं. लिन्स्कोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ पासून काही वर्षं इथल्या आर्चबिशपच्या पदरी नोकरीला होता. त्याचं प्रवासवर्णन १५९६ साली छापलं गेलं, त्यात या पेठेचं चित्र आहे. छत्र्या धरलेले नोकर, पालख्या, घोडे, लिलाव पुकारणारे, विकायला उभी केलेली माणसंसुद्धा. काकांनी चष्मा बदलला. एकदा चित्राकडे, एकदा समोरच्या झाडीकडे, असं बराच वेळ बघत राहिले. गाइड मध्ये एक शब्द बोलला नाही. त्याला थांबता येत होतं, हे मला फार आवडलं. मोठ्या गटाबरोबर आलो असतो तर तेवढ्यात पंधरा माणसं पुढे गेली असती आणि काका मागे राहिले असते.

पुढे कॅथेड्रलजवळच्या मोकळ्या जागेत त्याने इन्क्विझिशनच्या वाड्याबद्दल सांगितलं. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, धर्मन्यायालय इथे चालू होतं. आज तिथे त्या इमारतीचा मागमूस नाही. हिरवळीवर मुलं पळत असतात आणि पाय ठेवणाऱ्याला पत्ताही नसतो. सेंट काजेतान चर्चच्या आवारात एक दगडी दार नुसतंच उभं आहे, ना भिंत ना छप्पर. आदिलशहाच्या वाड्याचं तेवढंच उरलंय. आदल्या दिवशी आम्ही त्याच्यासमोरून गेलो होतो आणि काकू म्हणाल्या होत्या, काहीतरी अर्धवट राहिलंय वाटतं. आता गाइडने खांबांवर हात ठेवायला लावला. गोव्यात सगळीकडे लाल चिरा, आणि हे खांब काळ्या दगडाचे, त्यावरचं कोरीवकाम देवळातलं. म्हणजे देवळाचा दगड वाड्याला लागला, वाडा पोर्तुगिजांकडे गेला, तोही पाडला, आणि दार तेवढं मागे राहिलं. मिरजेच्या माणसाला काळ्या दगडातलं देऊळ वेगळं सांगावं लागत नाही. पुढची दहा मिनिटं काकाच त्याला समजावत होते आणि तो मनापासून ऐकत होता.

घरांच्या प्रश्नाचं उत्तरही तुकड्यातुकड्यांनी मिळालं. साथींनी शहर पोखरलं. लोक निघून गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला. १८३५ मध्ये मठ बंद झाले आणि त्यांची देखभाल करणारं कुणी उरलं नाही. ओसाड पडलेल्या इमारतींचा दगड पणजीच्या बांधकामाला लागला, आणि १८४३ मध्ये पणजी कागदोपत्रीही राजधानी झाली. म्हणजे काका ज्या घरांची विचारपूस करत होते त्यातला काही भाग कदाचित आमच्याच गल्लीत कुठल्यातरी भिंतीत असेल. हे मी इतकी वर्षं इथे राहून असं सलग कुणाकडून ऐकलं नव्हतं.

सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याबद्दल थोडक्यात. ४६ मीटर उंचीचा मनोरा, त्यातला अर्धाच उभा. चर्चचं छत १८४२ साली कोसळलं. खाली नुसत्या जोत्यांच्या रेषा आणि थडग्यांच्या फरशा. यातच जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले. तिला १६२४ साली इराणात शिराझला हाल करून मारलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष इथवर आणले. उत्खननात मिळालेल्या हाडांची हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये ते अवशेष भारताने जॉर्जियाला दिले. त्या फरशांमधून एकट्याने फिरलात तर दहा मिनिटांत बाहेर याल. आम्ही तासभर होतो.

आता गाइड मराठीत बोलणारा का हवा ते सांगते, कारण यावर माझं ठाम मत आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने जुवें बेट घेतलं. जुवें म्हणजे राजधानीच्या अगदी दाराशी. तेव्हाचा व्हाइसरॉय, कोंद दे आल्व्होर, बॉम जीझसमध्ये गेला, सेंट झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड संताच्या हाती देऊन शहर वाचवण्याची करुणा भाकली. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरत असल्याची खबर आली आणि मराठे मागे फिरले. आमच्या गाइडने हे त्या पेटीसमोर, हळू आवाजात, मराठीत सांगितलं. "राजे इथून इतके जवळ आले होते," एवढं म्हणून काका गप्प झाले. मी याआधी ऑफिसच्या मंडळींबरोबर इंग्रजीतून चालणाऱ्या फेरीला गेले आहे. त्यात पेटी कुणी दिली, थडग्याचं संगमरवरी काम फ्लॉरेन्सच्या फोग्गिनीचं, ते १६९८ मध्ये बसवलं, हे सगळं नीट होतं. पण राजदंडाचा प्रसंग नव्हता. ऐकणारा कोण आहे त्यावर सांगणारा काय निवडतो ते ठरतं. म्हणून फोनवरच विचारा, "मराठीत सांगाल का? आम्हाला मराठ्यांचा आणि कदंब राजांचा भागही ऐकायचाय." फोंडा, डिचोली, पेडणे इकडचे बरेच गाइड आनंदाने हो म्हणतात. कुणी विचारत नाही म्हणून ते हिंदी-इंग्रजीत बोलत राहतात.

माणूस कसा पारखायचा? माझे दोन प्रश्न आहेत, आणि ते मी खरंच विचारते. एक, बॉम जीझस लाल का दिसतं? ते बांधलं तेव्हा लाल नव्हतं. त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो काढायला लावला, आणि तेव्हापासून उघडा चिरा पावसाचा मार खातोय. गिलावा परत करावा की नाही यावर अजून वाद आहे. दुसरा प्रश्न पणजीचा. फोंताईन्हास या तिथल्या जुन्या मोहल्ल्यातल्या एका रस्त्याला ३१ जानेवारीचं नाव का? बरेच जण ठोकून देतात, पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला तो दिवस. तो दिवस १ डिसेंबर १६४० चा. ३१ जानेवारी १८९१ ला पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला होता, त्याची आठवण म्हणून पोर्तुगालमधल्या कितीतरी गावांत या नावाचे रस्ते आहेत. दोन्हीची उत्तरं यायलाच हवीत असं माझं म्हणणं नाही. "नक्की माहीत नाही, बघून सांगतो," असं जो म्हणतो त्याला मी लगेच ठरवते. जो क्षणात काहीतरी रचून सांगतो त्याला नाही.

रचून सांगण्याची मला चीड आहे. त्या ऑफिसच्या सहलीत दुसऱ्या दिवशी ठेक्याने आलेला एक गाइड होता. त्याने अर्धा वेळ भुताखेतांत घालवला आणि उरलेला अर्धा काजूच्या दुकानात. ज्या जागी खरोखर एवढं घडून गेलंय तिथे भुताची गोष्ट कशाला लागते? तेव्हापासून पैसे ठरवतानाच सांगायचं, दुकानात जायचं नाही. हेही विचारून घ्यायचं की दर माणशी आहे की सगळ्यांचा मिळून. खासगी फेरीचा दर बहुधा गटाचा असतो. त्यामुळे एकटा माणूस असेल तर ती महागच पडते, त्याने चार-सहा जणांच्या ठरलेल्या फेरीत जावं. चौघंपाचजण असाल तर फरक फारसा राहत नाही. आम्हा चौघांचे मिळून जे झाले ते काकांच्या हॉटेलच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा कमीच होते.

काकांचा गुडघा दुखरा आहे, हेही मी आधी सांगून ठेवलं होतं. गाइडने चढाचा भाग सकाळी आठलाच उरकला, ऊन चढायच्या आत, आणि उरलेलं सावलीसावलीने. हे एकच कारणसुद्धा पुरे आहे, घरात वयस्कर माणसं असतील तर. रविवारी सकाळी मात्र चर्चमध्ये प्रार्थना चालते, तेव्हा पाहुण्यांनी जाऊ नये. आणि शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय बंद असतं.

फोंताईन्हासचं मी जरा जपून सांगते, कारण ते माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. इथली घरं उभी आहेत. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची, शिंपल्यांच्या खिडक्यांची, बलकांवांची, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यांची. ती बघायला गाइड लागत नाही, हळू चालणं आणि डोळे लागतात. संध्याकाळी पाचनंतर एकटे या, मारुतीच्या देवळापासून खाली उतरा, झऱ्यापाशी थांबा. नाव त्या झऱ्यांवरूनच पडलंय. पूर्वी हे सगळं माडांचं भाट होतं, मोझांबिकहून परतलेल्या एका श्रीमंताचं, ज्याला लोक मोसमीकार म्हणत. एवढं माहीत असलं तरी संध्याकाळ चांगली जाते.

तरी एका गोष्टीसाठी मी इथेही गाइड घ्या म्हणेन. हा मोहल्ला संग्रहालय नाही. दुसऱ्याच्या दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी इथली माणसं इतकी वैतागली आहेत की घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या आल्यात. दुपारी विश्रांतीच्या वेळी खिडकीखाली पंचवीस माणसांचा घोळका आणि माईकवरून माहिती, हे मी रोज ऐकते. याउलट मोहल्ल्यातल्या माणसांना ओळखणारा गाइड चारजणांना घेऊन येतो, बलकांवात बसलेल्या आजींची कोंकणीत विचारपूस करतो, आणि त्या आपण होऊन "आत या" म्हणतात. आमच्या बाबतीत तसं झालं. माझ्या लेकीने तिथे पहिल्यांदा जुन्या घरातली लाकडी जमीन आणि कुटुंबाचं छोटं वेदीघर पाहिलं. आम्हीही याच भागात राहतो, पण त्या दारातून आत मी कधी गेले नव्हते. जाणार तरी कुठल्या नात्याने?

आणि इथलंच सेंट सेबास्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च. आतला क्रूस पाहून काकूंनी विचारलं, "याचे डोळे उघडे कसे? आणि मान ताठ?" तो क्रूस मूळचा इन्क्विझिशनच्या वाड्यातला. ते न्यायालय बंद झाल्यावर पणजीच्या जुन्या राजवाड्यात आणला, आणि १९१८ मध्ये इथे. सकाळी ज्या हिरवळीवर काही नाही असं आम्ही पाहिलं होतं, तिथली एवढी एक वस्तू संध्याकाळी आमच्यासमोर होती. दोन्ही ठिकाणं एका दिवसात, एकाच माणसाबरोबर पाहिली म्हणून हा धागा हाती लागला. जमलं तर तसंच ठरवा.

फोंड्याच्या देवळांना गाइड नको. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा. देव १५६० च्या सुमाराला साष्टी-तिसवाडीकडून नदीपार आणले, ही हकिकत देवळात कुणालाही विचारा, अभिमानाने सांगतील. दीपमाळ, तळी, नगारखाना, सगळं जागेवर आहे. पैसे वाचवा आणि तिथे पंचखाद्य घ्या.

आणखी एक, आणि हे मी फोनवर सगळ्यांना आग्रहाने सांगते. पहिल्या दिवशी गाइडशिवाय जा. चुका, दमा, तुमचे प्रश्न तुम्हाला पडू द्या. ते वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी गाइड घ्या. काकांकडे वही होती. गाइडने ती सुरुवातीलाच मागून घेतली आणि फेरीचा क्रम त्या प्रश्नांवरून लावला. पाठ केलेलं भाषण त्याला करावंच लागलं नाही.

यंदा डिसेंबरात काकांना दिवाडी आणि नार्वे करायचंय, सप्तकोटेश्वरासाठी. तीच कसोटी तिथेही लावते. नार्व्याचं देऊळ उभं आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली, दारावर शके १५९० चा शिलालेख आहे, काका तो स्वतः वाचतील, मध्ये कुणी नको. पण मूळ देऊळ होतं ते दिवाडी बेटावर. कदंबांच्या त्या कुलदैवताचं तिथे देऊळ उरलेलं नाही, झाडीत कोटितीर्थ या तळ्याच्या जुन्या बांधकामाचे अवशेष आहेत, आणि वाट ठाऊक असलेला माणूस सोबत हवा. म्हणून दिवाडीपुरता त्याच गाइडला बोलावलंय. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून सकाळच्या फेरीबोटीने जाऊ. पायी जाणाऱ्याला तिथे तिकीट पडत नाही. काकांनी मिरजेहून प्रश्नांची यादी पाठवायला सुरुवात केली आहे, आणि ती मी रोज पुढे त्याला पाठवते.